आपल्या माणसाने बुडवलेला पगार

२०२५ च्या जुलैतली एक रविवारची दुपार. ब्रॅम्प्टनच्या सार्वजनिक वाचनालयात आम्ही तिघीजणी एका टेबलाशी बसतो. कॅनडात टोरंटोला लागून असलेल्या या शहरात नव्याने आलेल्या मुलामुलींना करविवरण, भाडेकरार, सरकारी पत्रं समजावून सांगायची, एवढंच आमचं काम. त्या दिवशी सांगलीकडचा एक मुलगा आला. वय तेवीस, सप्लाय चेनचा दोन वर्षांचा डिप्लोमा करणारा. त्याने सॅकमधून तळहाताएवढी वही काढली आणि माझ्यासमोर सरकवली. आत तारखा आणि तास. अक्षर गिचमिड, पण एकही दिवस गाळलेला नव्हता.

"काकू, मालकांनी पगार बुडवलाय," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "पण मालक आपलेच आहेत. मराठी."

आम्ही हिशेब मांडला. उपाहारगृहातलं स्वयंपाकघराचं काम. पहिले दोन आठवडे 'ट्रेनिंग', म्हणून पैसे नाहीत. पुढचे सव्वीस आठवडे तासाला १० डॉलर, रोख, पाकिटात. शेवटचे सहा आठवडे 'पुढच्या शुक्रवारी बघू'. आठवड्याला २४ तास, म्हणजे शिकताशिकता जेवढं काम करायची त्याला परवानगी आहे तेवढंच. ऑन्टारिओ प्रांतात त्या काळात किमान वेतन तासाला १७.२० डॉलर होतं, आणि एकूण पगाराच्या निदान ४ टक्के सुट्टीचा पगार वेगळा द्यावाच लागतो. फुकट गेलेल्या दोन आठवड्यांचे ८२६ डॉलर, सव्वीस आठवड्यांतल्या फरकाचे ४,४९३, अडकलेल्या सहा आठवड्यांचे २,४७७, सुट्टीच्या पगाराचे ५६१. एकूण ८,३५७ डॉलर. आपल्याकडचे सव्वापाच लाख रुपये. त्याच्या वडिलांनी काढलेल्या कर्जाचा वर्षाचा हप्ता एवढाच होता, हे त्यानेच सांगितलं.

आपण मराठीत म्हणतो, पगार बुडवला. पैसे बुडाले. या क्रियापदाने आपल्याला फार काळ फसवलं आहे. होडी बुडते, गाव धरणात बुडतो, पावसात पीक बुडतं. बुडण्यात नशिबाचा वाटा असतो आणि बुडालेल्यावर हळहळून माणूस पुढे चालू लागतो. या मुलाचे पैसे कुठल्याही पाण्यात गेले नव्हते. ते एका माणसाच्या खिशात होते आणि तो माणूस कुठे राहतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. कॅनडातल्या कामगार चळवळीने यासाठी सरळ शब्द वापरला: चोरी. वेतनचोरी. मी तोच वापरणार आहे.

मला जे सांगायचं आहे ते या एका मालकापुरतं नाही. रंगाने, नावाने, उच्चाराने वेगळ्या ओळखल्या जाणाऱ्या माणसांना इथे चांगल्या नोकरीच्या दारात अडवलं जातं, ही एक तक्रार. त्याच माणसांचा पगार मागच्या दारी चोरला जातो, ही दुसरी. वर्तमानपत्रं, सरकारी खाती आणि आपली घरगुती चर्चासुद्धा या दोन वेगळ्या गोष्टी मानते: पहिली शिकलेल्यांची व्यथा, दुसरी गरिबांची. माझं म्हणणं आहे की हा एकच व्यवहार आहे. पुढचं दार बंद ठेवलं जातं म्हणूनच मागच्या दारी रांग लागते, आणि रांग लांब असली की चोराला घाई नसते.

पुढच्या दाराचा अनुभव माझा स्वतःचा आहे. २००८ मध्ये मी नवऱ्याबरोबर इथे आले तेव्हा पुण्यात सहा वर्षं स्थापत्य अभियंता म्हणून काम केलेलं होतं. व्हिसा मिळाला तो त्याच शिक्षणाच्या, त्याच अनुभवाच्या गुणांवर. विमानतळाबाहेर पडल्यावर मात्र त्या अनुभवाची किंमत शून्य झाली. प्रत्येक मुलाखतीत एकच वाक्य: तुमच्याकडे कॅनडाचा अनुभव नाही. अभियंत्याचा परवाना हवा तर परवानाधारक अभियंत्याच्या हाताखाली इथे एक वर्ष काम केलेलं असायला हवं. काम हवं तर परवाना किंवा इथला अनुभव हवा. या चक्रात चौदा महिने काढल्यावर मी एका कंत्राटी एजन्सीमार्फत गोदामात खोकी भरायला लागले. त्या एजन्सीचा नियम होता की कामाची पाळी सुरू होण्याआधी वीस मिनिटं हजर राहायचं. त्या वीस मिनिटांचे पैसे नव्हते. लोखंडी टोकाचे बूट त्यांनीच दिले आणि पहिल्या पगारातून कापून घेतले. रांगेत माझ्यापुढे लाहोरची दंतवैद्य होती, मागे घानाहून आलेला शाळामास्तर. गोदामात हुकूम देणारे सोडले तर गोरा चेहरा आठवत नाही. त्या वेळी मला ही चोरी वाटली नव्हती. मला वाटलं होतं, सुरुवातीला असंच असतं.

'इथला अनुभव' ही अट भेदभावाची आहे, असं ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्ये लेखी धोरण करून सांगितलं. अभियंत्यांच्या परवाना मंडळाने ती अट काढली ती २०२३ मध्ये. आणि पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या मालकांनी नोकरीच्या जाहिरातीत ही अट घालायची नाही, हा कायदा लागू झाला १ जानेवारी २०२६ पासून. मी आल्याला तोवर अठरा वर्षं होत आली होती. एवढ्या काळात किती माणसांनी आपली पदवी ट्रंकेत ठेवून ट्रकचं स्टिअरिंग हातात घेतलं असेल! तरीही हे बदल झाले याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त जाहिरातीतून एक ओळ खोडली म्हणून वाचणाऱ्याच्या डोक्यातून ती खोडली जात नाही, हे आता आपल्याला पुराव्यानिशी माहीत आहे.

टोरंटो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलोस यांनी टोरंटोतल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना हजारो बनावट अर्ज पाठवले होते. नाव, शिक्षण, अनुभव पाहिजे तसे बदलून. इंग्रजी नावाच्या अर्जांपेक्षा भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांच्या अर्जांना बोलावणी लक्षणीय कमी आली. परदेशात केलेल्या कामाचा उल्लेख असेल तर आणखी कमी. नोकरभरती करणाऱ्यांनी कारण दिलं भाषेचं. पण अर्जात भाषा उत्तम असल्याचं लिहून पाहिलं तरी फरक भरून निघाला नाही. नामांकित संस्थेची पदवी लिहिली, तरी नाही.

हे वाचताना मराठी वाचकाला दुसरं एक नाव आठवायला हवं. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात. त्यांनी पॉल अटवेल यांच्याबरोबर भारतात नेमका हाच प्रयोग केला आणि २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिराती, तोडीस तोड शिक्षणाचे अर्ज, फरक फक्त आडनावाचा. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. दिल्लीत बसलेला अधिकारी आणि टोरंटोत बसलेला अधिकारी, दोघंही आपण गुणवत्ता पाहतो असंच सांगतात. माझ्यासारख्या ब्राह्मण घरातून आलेल्या बाईला आडनावामुळे अर्ज बाजूला पडणं म्हणजे काय हे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, समुद्र ओलांडल्यावर कळलं. ज्यांना ते सातव्या वर्षी, शाळेच्या पहिल्या बाकावरून उठवल्यावर कळतं, त्यांचं ऐकायला मी त्याआधी कधी थांबले नव्हते. इथे 'समीर'चा 'सॅम' आणि 'अनिरुद्ध'चा 'अँडी' करणारी मुलं पाहते तेव्हा मला आपल्याकडची, आडनाव गाळून फक्त वडिलांचं नाव लावणारी माणसं आठवतात. दोन्हीकडे माणूस स्वतःच्या नावाला घाबरायला शिकतो.

कॅनडाचा कायदा आमच्यासारख्या गोरे नसलेल्या लोकांना 'दृश्य अल्पसंख्याक' म्हणतो. चळवळीतले लोक वेगळा शब्द वापरतात. त्याचा मराठीत आशय सांगायचा तर 'वंशाचा शिक्का मारलेले'. मला दुसरा शब्द पटतो, कारण त्यात शिक्का मारणारा हात दिसतो. २०२१ च्या जनगणनेत देशात अशी माणसं २६.५ टक्के होती आणि ब्रॅम्प्टनमध्ये सुमारे ८० टक्के. ज्या गावात पाचातले चार जण 'अल्पसंख्य' असतात त्या गावात या शब्दाचा काय अर्थ उरतो? त्यांच्या पगाराचा हिशेब शीला ब्लॉक आणि ग्रेस-एडवर्ड गलाबुझी यांनी जनगणनेच्याच आकड्यांवरून मांडला. २००६ च्या आकड्यांत, बाकीच्यांना १ डॉलर मिळत असताना या लोकांना ८१.४ सेंट. दहा वर्षांनंतरच्या जनगणनेत, शिक्का नसलेल्या पुरुषाच्या १ डॉलरमागे शिक्का असलेल्या बाईला ५९ सेंट. पगाराच्या पावतीवर दिसणारी ही तफावत आहे. पाकिटातून रोख दिलेल्या दहा डॉलरची नोंद कुठल्या जनगणनेत होत असेल?

आता मागच्या दाराकडे येते, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

हे दार कोणी उघडलं? ऑन्टारिओ सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी करून गोठवली. कॉलेजांना पैसे कुठून येणार? प्रांताच्या महालेखापालांनी २०२१ मध्ये ते उघड केलं: सरकारी कॉलेजांतले परदेशी विद्यार्थी पटाच्या ३० टक्के होते, पण फीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के होता. आणि त्या परदेशी विद्यार्थ्यांत ६२ टक्के एकट्या भारतातले. म्हणजे सांगलीच्या बापाने शेत गहाण टाकून ऑन्टारिओतल्या मुलांचं शिक्षण स्वस्त ठेवलं. २०२३ संपताना देशात अभ्यास परवाना असलेले १० लाखांहून जास्त लोक होते. मग घरभाडी चढली, लोक चिडले, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने संख्येवर मर्यादा घातली. दोष आपसूक मुलांच्या माथी आला.

या मुलांनी किती तास काम करायचं हेही सरकार ठरवत आलं. आधी २० तास. मजुरांची टंचाई होती तेव्हा नोव्हेंबर २०२२ पासून मर्यादाच उठवली. एप्रिल २०२४ अखेर परत लावली. नोव्हेंबर २०२४ पासून २४ तास. गरज होती तेव्हा हात, गरज सरली तेव्हा विद्यार्थी. भाडं आणि हप्ता मात्र २४ तासांत भागत नाही. पंचविसावा तास रोखीत करावा लागतो, आणि तो केला की मालकाच्या हाती मुलाची शेंडी येते. 'तक्रार करतोस? कर. तू जास्त तास काम केलंस हे मीही सांगेन.' प्रत्यक्षात ऑन्टारिओचा कामगार कायदा पगाराच्या बाबतीत माणसाचा व्हिसा पाहत नाही. केलेल्या कामाचा पगार मिळालाच पाहिजे. पण परदेशात तेविसाव्या वर्षी, डोक्यावर कर्ज असताना, हद्दपारीची धमकी खरी की खोटी हे तपासायचं धाडस कुणाला होतं?

शिक्षण संपल्यावर गळफास आणखी आवळतो. कायम वास्तव्यासाठी यातल्या बहुतेकांना कुशल कामाचा एक वर्षाचा इथला अनुभव लागतो आणि त्याचं पत्र मालक देतो. त्या पत्राला बाजारभाव आहे. याहून मोठा बाजार मालकाने परदेशी कामगार ठेवण्यासाठी काढायच्या सरकारी मंजुरीचा आहे. एका जागेसाठी मालकाने सरकारला १,००० डॉलर भरायचे, आणि ते कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी. पण त्या मंजुरीवर कायम वास्तव्याचे जादा गुण मिळत होते, म्हणून तिच्यासाठी हजारो डॉलर मोजणारी मुलं मी पाहिली आहेत. ते गुण सरकारने मार्च २०२५ मध्ये काढून टाकले, तेव्हा पैसे भरून बसलेल्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. या मंजुरीवर जो कामाचा परवाना मिळतो त्यावर मालकाचं नाव छापलेलं असतं. ते काम सोडलं तर परवान्याचा उपयोग संपला. काही ठिकाणी पगार रीतसर खात्यात जमा होतो आणि शनिवारी त्यातले निम्मे रोख काढून मालकाला परत द्यावे लागतात. कागदावर सगळं स्वच्छ.

बीडहून दिवाळीनंतर निघणाऱ्या ऊसतोड जोडप्याला मुकादम उचल देतो आणि त्या उचलीने हंगामभर बांधून ठेवतो. इथे ती उचल उलटी झाली आहे. बांधून घेण्यासाठी मजूरच मुकादमाला पैसे देतो. ज्यांना आपल्याकडच्या उचलीची चीड येते त्यांना याची दुप्पट चीड यायला हवी.

परवान्यावर मालकाचं नाव छापायची कल्पना विद्यार्थ्यांपासून सुरू झालेली नाही. १९६६ मध्ये कॅनडाने जमैकाहून शेतमजूर आणायला सुरुवात केली, १९७४ मध्ये मेक्सिकोहून. वर्षातले जास्तीत जास्त आठ महिने राबायचं, मग परत. मालकाच्याच जागेत राहायचं, आणि पुढच्या वर्षी बोलावणार की नाही हेही बरंचसं त्याच्या मर्जीवर. त्यांच्या पगारातून बेरोजगार विम्याचा हप्ता कापला जातो, तो विमा बहुतेकांना कधी मिळत नाही. ऑन्टारिओत शेतमजुराला इतर कामगारांसारखी संघटना करून वाटाघाटी करता येत नाहीत आणि जादा कामाचा दीडपट दरही त्याला लागू नाही. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता कॅनडात येऊन गेले आणि या कार्यक्रमांना त्यांनी आधुनिक गुलामगिरी पोसणारी जागा म्हटलं. इथे आपल्या ओट्यावर येणारे, ऑन्टारिओतल्या लेमिंग्टन गावचे टोमॅटो त्या हातांनी खुडलेले असतात.

त्याही मागे जायचं तर १८८५ साल येतं. चिनी मजुरांच्या श्रमाने रेल्वे पूर्ण होत आली आणि त्याच वर्षी चिन्यांवर माणशी ५० डॉलर प्रवेशकर बसला. १९०३ मध्ये तो ५०० झाला. १९०८ मध्ये नियम आला की मायदेशातून मध्ये न थांबता थेट प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश, आणि भारतातून तसा थेट प्रवास करण्याची सोयच नव्हती. १९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाजातल्या ३७६ जणांपैकी बहुतेकांना दोन महिने व्हॅन्कूव्हरच्या बंदरात अडकवून परत पाठवलं. जे आधीच आले होते त्यांचं काय? ब्रिटिश कोलंबियात १९०७ पासून १९४७ पर्यंत भारतीयांना मत नव्हतं. मतदारयादीत नाव नाही म्हणून वकील होता येत नव्हतं, औषधविक्रेता होता येत नव्हतं. उरल्या लाकडाच्या गिरण्या आणि शेतं, आणि तिथे गोऱ्यापेक्षा कमी मजुरी. एक दार कायद्याने बंद करायचं आणि उरलेल्या दारात स्वस्तात राबवायचं, हे यंत्र तेव्हा उघड चालत होतं. १९६२ च्या नियमांनी आणि १९६७ च्या गुणपद्धतीने वंशाचा उल्लेख पुसला. यंत्राचे काही भाग तसेच राहिले.

ब्रॅम्प्टन ज्या पील विभागात येतं तिथे कोविडच्या काळात या यंत्राचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. गोदामं, ट्रक, बेकऱ्या बंद ठेवता येत नव्हत्या. प्रांताच्या सरकारने २०१८ मध्ये पगारी आजारपणाच्या दोन रजा रद्द केल्या होत्या. तिथल्या आरोग्य विभागाने रुग्णांची माहिती तपासली तेव्हा लक्षणं असूनही कामावर गेलेले जवळपास चारात एक निघाले. त्यांना बेजबाबदार म्हणणारे लेख मी वाचले आहेत. त्यातल्या एकाही लेखकाला दिवसाचा पगार बुडण्याची भीती नसावी. या एका जागी मी 'बुडणं' म्हणते, कारण तो पगार कायद्यानेच बुडवला होता.

आणि आता आपला माणूस. मला सर्वात जड जाणारा भाग हा आहे.

त्या सांगलीच्या मुलाने नोकरी धरली ती मालक मराठी म्हणूनच. घरी फोनवर आईला केवढा धीर आला होता. इंग्रजी नीट येत नाही, रस्ते माहीत नाहीत, चांगल्या ठिकाणचे अर्ज परत येतात किंवा येतही नाहीत, अशा वेळी आपली भाषा बोलणारा माणूस देवासारखा वाटतो. हाच विश्वास चोरीचं भांडवल होतो. पंजाबी मालक पंजाबी मुलांना, तमिळ मालक तमिळांना, मराठी मालक मराठी पोरांना. म्हणून काही लोक म्हणतात, मग यात वंशभेद कुठे आला, हे तर तुमचंच तुम्ही एकमेकांना खाताय. मला हा युक्तिवाद अर्धवट वाटतो. त्या मालकाला ही मुलं कोणी मिळवून दिली? पुढचं दार उघडं असतं तर तो मुलगा दहा डॉलरवर थांबला असता का? परवान्यावर नाव छापण्याचा अधिकार त्या मालकाने स्वतःला दिलेला नाही. कुलूप सरकारचं आहे. पण किल्ली फिरवणारा हात आपल्या माणसाचा आहे, आणि त्याला मी सूट देणार नाही.

सूट देण्याची सवय मात्र आपल्यात खोल आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची. गोऱ्यांसमोर आपली शोभा नको. मीही हे बोललेली आहे. ब्रॅम्प्टनमध्ये २०२१ मध्ये पंजाबी विद्यार्थी आणि कामगारांनी नौजवान सपोर्ट नेटवर्क नावाची संघटना उभी केली आणि पगार न देणाऱ्या मालकांच्या दुकानांसमोर, घरांसमोर फलक घेऊन उभे राहिले. मालक बहुतेक पंजाबीच. आमच्या बैठकींत तेव्हा 'हे फार होतंय' असा सूर होता. त्या पोरांनी थकलेले पैसे वसूल केले. आमच्या मंडळांनी काय वसूल केलं? गणेशोत्सवाच्या फलकावर प्रायोजक म्हणून कोणाचं नाव येतं, त्याच्याकडे किती मुलं राबतात, त्यांना तासाचे किती मिळतात, हे विचारण्याची हिंमत आमच्यात आजही नाही. देणगी घेताना हा प्रश्न विचारावा अशी मागणी मी यंदा लेखी दिली आहे.

काही आक्षेप प्रामाणिक असतात. छोट्या धंद्याला १७ डॉलर परवडत नाहीत, हा त्यातला एक. उपाहारगृहाचं भाडं, विमा, भाज्यांचे भाव मला ठाऊक आहेत. पण त्याच चौकात दुसरा कोणी रीतसर पगार देऊन तीच मिसळ दोन डॉलर महाग विकत असतो. चोरीच्या पगारावर चालणारं दुकान आधी त्या प्रामाणिक दुकानाला संपवतं. ज्याला गिऱ्हाईकाकडून पूर्ण किंमत घेणं जमत नाही त्याने ती आचाऱ्याच्या खिशातून घ्यावी, हे कुठल्या व्यापारनीतीत बसतं? दुसरा आक्षेप इथल्या कामगारांचा: हे लोक येऊन आमची मजुरी पाडतात. मजुरी पडते हे खरं आहे. ती पाडतो तो नोकरी सोडू न शकणारा माणूस. त्याला सोडता येऊ द्या, मजुरी आपोआप वर येईल. ट्रकच्या धंद्यात चालकाला कागदोपत्री 'कंपनी' बनवून सुट्टीचा पगार, विमा, जादा तासांचा दर, सगळं टाळण्याची पद्धत इतकी बोकाळली आहे की तिला टोपणनाव पडलं आहे. केंद्राने २०२१ पासून असं खोटं वर्गीकरण करायला बंदी घातली. रस्त्यावरची पद्धत चालूच आहे, कारण दारात येऊन वह्या तपासणारे फार थोडे आहेत.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला, तोच मला सर्वात जास्त बोचतो. आम्हीही भोगलं, संघर्ष केल्याशिवाय कोण मोठं होतं? पहाटे उठून बर्फात बसची वाट पाहणं हा संघर्ष. परक्या भाषेत परीक्षा देणं हा संघर्ष. केलेल्या कामाचे पैसे दुसऱ्याने ठेवून घेणं याला संघर्ष म्हणू नका. मी वीस मिनिटं फुकट उभी राहिले त्याने माझं काही घडलं नाही. फक्त माझी रोजची वीस मिनिटं गेली.

काय व्हायला हवं हे सांगण्यासाठी नवा आयोग लागत नाही. परवान्यावरून मालकाचं नाव काढा. निदान एका क्षेत्रात कुठेही काम करण्याची मोकळीक द्या. छळ होणाऱ्याला खुला परवाना देण्याची सोय २०१९ पासून आहे, पण ती साधारण वर्षभराची असते आणि आधी छळाचा पुरावा द्यावा लागतो. आग लागल्याचा दाखला आणल्यावर दार उघडण्यासारखं ते आहे. दुसरं, तक्रारीची वाट न पाहता तपासणी करा. आज चोरी सिद्ध झाली तरी बहुतेक वेळा मालकाला जे मुळातच द्यायचं होतं तेच द्यायला सांगितलं जातं. म्हणजे पकडला गेला तर बिनव्याजी कर्ज, नाही पकडला तर नफा. ऑस्ट्रेलियाने जाणूनबुजून पगार कमी देणं १ जानेवारी २०२५ पासून देशभर फौजदारी गुन्हा केलं आहे. दुकानातून शंभर डॉलरचा माल उचलणाऱ्याला इथे पोलीस नेतात.

आणि थोडं महाराष्ट्राकडेही. पुण्या-नाशकात, आता सांगली-लातुरातही, मुलांना परदेशी पाठवणाऱ्या सल्लागारांची दुकानं आहेत. नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या दलालाला केंद्राकडे नोंदणी करावी लागते. शिक्षणासाठी पाठवणारा त्या नोंदणीच्या बाहेर राहतो. प्रत्यक्षात तोही मजूरच पाठवतो आहे. पालकांनो, कॉलेजची इमारत कशी आहे हे विचारण्याआधी विचारा की तिथल्या विद्यार्थ्याला तासाचा पगार किती देणं बंधनकारक आहे आणि तो न मिळाल्यास अर्ज कुठे करायचा. उत्तर न देता आलेल्या माणसाच्या हाती लाखो रुपये देऊ नका.

त्या दुपारी मी मुलाला हे सगळं सांगितलं नाही. प्रांताच्या कामगार मंत्रालयाकडे तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही, पैसे देय झाल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि तुझी वही हा पुरावा आहे, एवढंच सांगितलं. आम्ही संगणकावर अर्ज उघडला. मालकाचं नाव, दुकानाचा पत्ता, कामाच्या तारखा. तो वहीतून वाचत होता, मी टंकत होते. पाठवण्याच्या बटणाशी येऊन त्याने हात मागे घेतला.

"काकू, त्यांना माझं नाव कळणार का?"

कळणार होतं. अधिकारी मालकाला बोलावतात तेव्हा कोणाच्या पगाराबद्दल ते सांगावंच लागतं. मी त्याला तसं सांगितलं. तो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग म्हणाला, पुढच्या रविवारी करूया का, आईला एकदा विचारतो. मी अर्ज जतन करून ठेवला आणि त्याची वही त्याला परत दिली.